टपाची वाटणी

माझ्या थोरल्या दिरानं आमच्या गाडीचा कापडी टप कोयत्यानं मधोमध फाडला, तेव्हा माझ्या नवऱ्याच्या उजव्या हाताची दोन बोटं त्या टपावरच राहिली. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी कुणाबद्दल गोड बोलले नाही तर कुणी नवल करू नये.

गाडी माझ्या सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची. जन्मभर मिठागरात पाय सोलून घेतलेला माणूस. जमीन सरकारनं घेतली, पैसा आला, तेव्हा गव्हाणच्या बाजूला कुणी ट्रक घेतला, कुणी तीन मजली बंगला बांधला. सासऱ्यांनी मुंबईच्या कुठल्याशा शेठकडून एक जुनी गाडी उचलून आणली, लांबट, दुधी रंगाची, वरचा टप मागे पाडता येईल अशी. आजूबाजूच्या गावांतल्या किती नवऱ्या मुली त्या गाडीतून मांडवात गेल्या. सासऱ्यांची एक पद्धत होती. घरापासून मांडवापर्यंत टप बंद ठेवायचा आणि मांडवाच्या दारात आला की पाडायचा. नवरी सगळ्यांना एकदम दिसायची आणि बायका 'अगं बाई' म्हणून पुढे सरकायच्या. भाडं कधी घेतलं नाही. नारळ आणि टॉवेल-टोपी एवढाच मान. मरताना दोन्ही मुलांना सांगून गेले, "घर वाटा, जागा वाटा, गाडी नका वाटू."

वाटणीच्या दिवशी सगळं सुरळीत झालं आणि शेवटी गाडीवर येऊन अडलं. पंच म्हणाले, गाडी दोघांची सामाईक. दीर म्हणाला, "सामाईक कशी? उभी तर याच्या अंगणात हाय. माजा अर्धा माला द्या." हे हसले. दोघं लहानपणापासून एकमेकांना असेच डिवचत आलेले, एकाने काडी टाकायची आणि दुसऱ्याने पेट घ्यायचा. दीर उठला, घरातून कोयता घेऊन आला. यांनी पुढच्या काचेवर, जिथं टपाची कड येते तिथं बरोबर मध्ये हात ठेवला आणि म्हणाले, "काप. बघतो मी."

त्यानं कापलं. कोयता पुढून घुसला आणि मागच्या प्लॅस्टिकच्या काचेपर्यंत गेला. मला वाटतं, हात मध्ये आहे हे त्याला दिसलं होतं. हे म्हणतात, दिसलं नव्हतं. या एका गोष्टीवरून आमची इतक्या वर्षांत जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कशावरून झाली नाहीत.

बोटं मी उचलली. रुमालात बांधून पनवेलला नेली, डॉक्टरांनी जोडता येणार नाहीत म्हणून सांगितलं. कशानं कापली विचारलं तर हे म्हणाले, गवत कापताना. घरातलं रक्त घरातच पुसायचं ही आमच्या भावकीची रीत. मी बादली घेऊन बॉनेट पुसलं, अंगण पुसलं, पण टपाच्या कापडात मुरलेलं निघालं नाही. त्या दिवसापासून दिराच्या दारावरून जाताना मी थुंकल्याशिवाय पुढे गेले नाही. दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. भिंतीपलीकडून तोही बघायचा आणि तोंड फिरवायचा. जाऊ बिचारी दोघांच्या मध्ये मेल्याहून मेल्यासारखी.

गाडी ताडपत्रीखाली पडून राहिली. तेव्हा मुलगी शाळेत होती. ती शिकली, खारघरला नोकरीला लागली, लग्न ठरलं. आम्ही कपड्यालत्त्याचं, दागिन्यांचं विचारायला लागलो तर म्हणाली, "मला काही नको. मी अण्णांच्या गाडीतून जाणार, बाबा चालवणार आणि मांडवाच्या दारात टप पडणार."

बापानं 'हो' म्हणून टाकलं. त्यांच्या 'हो'चं ओझं मी आयुष्यभर वाहिलं आहे.

पळस्प्याचा मेकॅनिक घरी येऊन इंजिन चालू करून गेला. टपासाठी पनवेलच्या सीटकव्हरवाल्याकडे गेलो तर लगीनसराई संपल्यावर आणा म्हणाला. म्हणजे आमचं लग्न झाल्यावर. तेव्हा ठरलं की टप घरीच घालायचा. मी ब्लाउज शिवते, ताडपत्र्या शिवते, देवळाचा मांडव शिवलाय. कॅनव्हास आणला आणि पदर खोचला.

जुना टप उतरवणं म्हणजे नुसती मारामारी होती. लोखंडी कमानींना कापड गंजून चिकटलेलं, टपाच्या पुढच्या लाकडी पट्टीतले बारीक खिळे डोक्यापर्यंत रुतून बसलेले. पक्कड लावली की डोकं तुटायचं आणि खिळा आतच राहायचा. हे डाव्या हातानं ओढायचे, उजव्यातली उरलेली तीन बोटं घसरायची आणि मग लाथ मारायचे गाडीला. मी स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटत होते, तो सटकला आणि तळहातात गेला. चिंधी बांधली आणि पुन्हा घातला. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. कित्येक वर्षं ज्याला हात लावायची हिंमत झाली नव्हती, ते मी टराटरा फाडत होते. दुपारपर्यंत अंगणात टपाची दोन भकलं पडली होती, एक यांच्या वाटणीचं, एक त्याच्या.

नवं कापड त्या भकलांवरूनच बेतलं. दोन्ही जुळवून ठेवली, खडूनं आखलं. पुढच्या कडेला मध्ये एक तपकिरी डाग होता, पसरट, दोन्ही भकलांवर थोडा थोडा. मुलगी म्हणाली, "आई, हा गंजाचा का?" मी म्हटलं, "हो, गंजाचा."

आता आमची चूक सांगते. ती आमच्यासारख्यांच्याच हातून व्हायची. खाडीकाठच्या घरात काहीही तुटो, चपलेचा पट्टा असो, बाज असो की दप्तर असो, आम्ही जाळ्याच्या नायलॉन दोऱ्यानं शिवतो. तो दोरा कधी तुटत नाही, यावर आमचा देवापेक्षा जास्त विश्वास. मी टपाची मधली शिवण त्याच दोऱ्यानं घातली, दुहेरी. हे म्हणाले, "आता बघू कोण फाडतो."

टप कमानींवर चढवला. मागची कड पक्की केली आणि पुढची ओढायला घेतली. उन्हात कापड कडक झालेलं. हे एका बाजूनं, मी आणि मुलगी दुसऱ्या बाजूनं. यांनी पाय बंपरला लावून सगळा जीव एकवटून ओढलं आणि टप मधोमध फाटला, पुढून मागे. दोऱ्याला काही झालं नव्हतं. त्यानं कापड कापलं होतं, भोकाभोकातून, सुरीनं कापावं तसं. आवाज तोच, तेव्हाचा. हे मागच्या मागे पडले आणि पडल्या जागी आपल्या हाताकडे बघत बसले.

भिंतीपलीकडे दीर हसला.

मोठ्यानं नाही. नाकातून हसला. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. लाकडी हातोडी हातात होती, तशीच मी भिंतीपाशी गेले. तोवर मी त्याच्याशी बोलले असेन तर 'दादा' म्हणून आणि 'तुमी' म्हणून. त्या दिवशी ते सगळं गेलं.

"हसतोस? दोन बोटं खाल्लीस, पोट नाय भरला? ये हिकडं. तिकडून काय हसतोस, हिकडं ये. एक बाजू धर. तू तोडलास, तू जोड. नायतर आज तुजा डोका फोडीन आणि पोरीचं लगीन तुरुंगातून बघीन."

मी फोडलं असतं. लोक रागात बोलतात तसं ते नव्हतं. कुठं मारायचं तेसुद्धा मी बघून ठेवलं होतं, कानाच्या वर. भिंतीवर चढायला मी एक पाय उचललासुद्धा होता, तेव्हा जावेनं मागून त्याच्या पाठीत दोन्ही हातांनी ढकललं आणि म्हणाली, "जा." लग्न होऊन आल्यापासून तिचा आवाज मी एवढा स्पष्ट कधी ऐकला नव्हता. दीर वळला. घरात निघून गेला.

मी फाटलेली शिवण उसवली, दोन्ही कडा दुमडून खाली कापडाची पट्टी घातली आणि सुती दोऱ्याला मेण लावून पुन्हा शिवली. शिवताना रडले. दुःखानं नाही, संतापानं, आणि भीतीही होती. लग्न तोंडावर आलं होतं आणि या दोघांत पुन्हा काही झालं तर मांडवात एक भाऊ नसेल, दुसरा कोठडीत असेल. माझ्या पोरीला टप नको होता. तिला बाप हवा होता, गाडीत पुढे बसलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टप पुन्हा चढवला, तेव्हा दीर आपली हातोडी घेऊन भिंत ओलांडून आला. कुणाकडे बघितलं नाही. खिळे तोंडात धरले, उजव्या बाजूला उभा राहिला आणि कड हातात घेतली. हे डाव्या बाजूला. दोघांनी ओढायला सुरुवात केली. ते काम आहे असं वाटतच नव्हतं. एक ओढायचा, दुसरा त्याहून जोरात. कमानी कुरकुरल्या. दोघांच्या मानेच्या शिरा फुगल्या, मधे कापड नसतं तर एकमेकांचे गळे धरले असते. मी शिवणीकडे बघत होते. शिवण टिकली. वरून विमान खाली उतरत गेलं, कुणी मान वर केली नाही. दीर एकेक खिळा तोंडातून काढून ठोकत होता आणि प्रत्येक घावाला मला माझ्या नवऱ्याचा हात आठवत होता.

टप बसला. ताणून बसला, टिचकी मारली तर वाजेल असा. पुढे काचेवर वीतभर जास्तीचं कापड लोंबत राहिलं, ते पट्टीलगत कापायचं होतं. मांडवासाठी केळीचे खुंट तोडायला आणलेला कोयता झाडाला टेकवलेला होता. दिरानं सवयीनं तो उचलला आणि कडेपाशी आला.

आणि यांनी हात ठेवला. तीन बोटांचा हात, कडेवर, बरोबर मध्ये, त्याच जागी.

मुलगी ओसरीवरून उठून उभी राहिली. मी दिराच्या मागे गेले. लाकडी हातोडी माझ्या हातात होती आणि मी त्याच्या कानाच्या वर बघत होते.

"हात काढ," दीर म्हणाला.

"नाय काढत," हे म्हणाले. "तवाबी नवता काढला."

"दिसला नवता मला."

"आता दिसतोय ना? काप."

दिराचा कोयता वरच होता. तो त्या तीन बोटांकडे बघत राहिला. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. त्यानं कोयता खाली आणला, जमिनीवर ठेवला आणि पायानं गाडीखाली सरकवला. माझ्याकडे न वळता मागे हात केला आणि म्हणाला, "बाय, कातर हाय?"

मी कातर दिली. हातोडी खाली ठेवली नाही.

त्यानं एका टोकापासून कापायला सुरुवात केली. वेडंवाकडं कापत मध्यापर्यंत आला. यांनी हात उचलला नाही आणि त्यानंही पुन्हा सांगितलं नाही. हाताला वळसा घालून तो पलीकडे गेला आणि दुसऱ्या टोकापर्यंत कापत नेलं. कातर बॉनेटवर ठेवली, भिंत ओलांडली आणि घरात गेला. हळदीच्या दिवशी जावेबरोबर येऊन कोपऱ्यात जेवून गेला. मी वाढलं, पण बोलले नाही.

लग्नाच्या दिवशी हे पांढरी टोपी घालून पुढे बसले. मुलगी नवरीच्या वेशात गाडीत चढताना थांबली. पुढच्या काचेवर मधोमध तळहाताएवढं कापड जिभेसारखं लोंबत होतं. "आई," ती म्हणाली, "हे कापायचं राहिलं का?"

"राहू दे," मी म्हटलं. "तेवढं तुझ्या काकाच्यानं झालं नाही."