माझी दृष्ट काढली तेव्हा

कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवताना फ्रान्समधला एक विचारवंत माझा फार लाडका होता. दुसरा माणूस आपल्याकडे बघतो त्या क्षणी आपण त्याच्या नजरेतली वस्तू होऊन बसतो, आपलं स्वातंत्र्य तिथंच जातं, असं त्याचं म्हणणं. किल्लीच्या भोकातून चोरून बघणारा माणूस आणि मागून त्याला लागलेली पावलांची चाहूल, हे त्याचं उदाहरण मी असं रंगवून सांगायची की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करत.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं खंडाळ्याला राहायला आलो. वर्षभरात हे गेले. गल्लीतले बाकीचे बंगले शनिवार-रविवारचे. सोमवारी सकाळी गाड्या घाट उतरल्या की सगळ्यांना कुलपं. मग मला त्या लाडक्याचा राग येऊ लागला. हा गृहस्थ कॉफीच्या दुकानात, माणसांच्या गराड्यात बसून लिहायचा, वाद घालायला जन्माची सोबतीण शेजारी. त्याला नजरेचा जाच होणारच. एखाद्या मंगळवारी खंडाळ्यात आणून बसवायला हवा होता. मला तर कुणीतरी बघावं असं फार वाटायचं. चांगली साडी नेसून मी उगाच फाटकाशी उभी राहायची.

गेल्या हिवाळ्यात ताप आला तो हटेचना. गोळ्या झाल्या, तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. स्वयंपाकाला कार्ल्याहून येणाऱ्या मावशींचं निदान मात्र पक्कं होतं.

"बाई, तुमाला नजर लागलीय कुनाची तरी."

एरवी मी वाद घातला असता. त्या दिवशी मनातून सुखावले. कुणाची असेल बरं, असा विचार करत मुकाट पाटावर बसले.

मावशींनी मीठ, मोहरी, मिरच्या मुठीत घेऊन माझ्यावरून उतरवल्या. वाटसरूंची, शेजारपाजारची, आल्यागेल्याची नजर जाऊ दे, असं पुटपुटत होत्या. मग सगळं तापल्या तव्यावर टाकलं. दृष्ट लागलेली असली की मिरच्या जळूनही ठसका लागत नाही, असं लहानपणापासून ऐकलेलं. मी श्वास रोखून वाट बघत होते.

असा ठसका उठला की दोघी खोकून बेजार झालो. मावशी खिडक्या उघडायला धावल्या. परत आल्या तेव्हा चेहऱ्यावर समाधान होतं.

"न्हाई लागली, बाई. कुनीच बगितलं न्हाई तुमाला."

मी डोळ्यांना पदर लावून रडले. मिरचीचा धूर आहे, आत्ता थांबेल, असं त्या मला समजावत राहिल्या.