न खोडलेला मेसेज

ज्या दिवशी नव्या जिल्ह्याचा मेसेज आला, त्या दिवशी आमच्या गल्लीत टँकर आला आणि तसाच गेला.

अहमदपुरात तेव्हा दुष्काळामुळे आठ-दहा दिवसांनी एकदा टँकर यायचा. त्याची वेळ धाकटा भाऊ गल्लीच्या ग्रुपवर टाकायचा. मी वाचनालयात नोकरीला. तीच वेळ मी तहसीलात विचारून दारातल्या फळ्यावर लिहीत असे, तीही त्याच्या आधी. पण बायका त्यालाच विचारायच्या, चहाला थांबवायच्या. दहावीला दोनदा बसलेल्याचं लोक ऐकतात, हे मला सहन होत नव्हतं.

त्याच्या मनात तसं काही नव्हतं. काहीही पुढे पाठवण्याआधी तो मला दाखवायचा. खोटं असलं की मी खोडायचो. गप्प राहिलो तर खरं, असं आमचं ठरलेलं होतं.

त्या सकाळी त्यानं मला मोबाइलवर एक पत्र पाठवलं: अहमदपूर जिल्हा मंजूर, अकरा वाजता मार्केट यार्डात घोषणा. शिक्का होता, सही होती, जावक क्रमांक मात्र नव्हता. जिल्हा कुठं व्हावा यावरून गावागावांत मोबाइलवर लढाई चालली होती. आमचं हसं करायला कुणीतरी ते बनवलं होतं. खाली भावानं विचारलं होतं, "दादा, खरं हाय का?"

मी वाचलं. वाचल्याच्या निळ्या खुणा त्याला दिसल्या असतील. मी मोबाइल उपडा ठेवला. एकदा तरी तो खोटा ठरावा, एवढंच मला हवं होतं. टँकरची वेळ लक्षात नव्हती, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ती अकराचीच होती, ग्रुपवर अजून पडली नव्हती, आणि फळ्यावर मीच लिहिली होती.

गल्ली गुलाल घेऊन यार्डात गेली. टँकरवाल्यानं रिकामी गल्ली पाहिली आणि गाडी पुढं काढली.

संध्याकाळी समोरच्या मावशीनं रिकामी घागर भावाच्या पायाशी ठेवली. "काय रं कलेक्टर, तुझ्या जिल्ह्यात पाणी कधी येतंय?"

लोक हसले. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "चुकलं मावशे, माझंच चुकलं." ग्रुप त्यानं तिथंच सोडला.

दुसऱ्या दिवशी फळ्यापुढं माणसं उभी होती. मला आनंद झाला.

पुढं तो कामासाठी नांदेडला गेला आणि दोन वर्षांनी तिथल्याच दवाखान्यात वारला. दादालाही ते खोटं पत्र ओळखता आलं नाही, असं त्याला शेवटपर्यंत वाटत असावं.

जिल्हा झालेला नाही. भावाची बायको आता आमच्यात राहते. तो मेसेज कुणी बनवला असेल, असं ती कधीतरी विचारते. मला माहीत नाही, असं मी सांगतो, आणि ते खरं आहे.