गावडेकाका संपात उतरले, ती दुपार

गावडेकाका आज सकाळी गेले. कळल्यावर मला आधी सुटल्यासारखं वाटलं.

रडू नंतर आलं.

आधी सुटका. कारण ती गोष्ट माहीत असलेला माझ्याशिवाय दुसरा कोणी आता उरला नाही.

मग त्या सुटकेचीच भीती वाटायला लागली. म्हणून लिहितोय.

काका कुडाळकडचे. ओमानमध्ये रुसैलला आमच्या कंपनीत प्लंबर. कॅम्पमध्ये खालचा बेड त्यांचा, वरचा माझा. मी स्टोअरमध्ये होतो. त्याआधी गोव्यात एका शॅकवर, त्याआधी पुण्यात अर्धं कॉलेज. तिथे एका फिल्म क्लबात खुर्च्या मांडायचो. चहा फुकट मिळायचा, आणि चहाबरोबर जगभरचे सिनेमे पेनड्राइव्हवर. बघितले किती, तो भाग वेगळा.

त्यातला एक फ्रेंच. कॉलेजची पोरं एका फ्लॅटमध्ये राहतात, दिवसभर क्रांतीवर बोलतात आणि लाल रंगानं भिंती रंगवतात.

एका शुक्रवारी सुट्टीच्या दुपारी रूमवर लावला. बिर्याणी झालेली. दहा मिनिटांत सगळे झोपले. जागे फक्त काका.

मी इंग्लिश सबटायटल वाचून जमेल तसं मराठीत सांगत होतो. काका चष्मा लावून, एकदम सिरियस.

मध्येच म्हणाले, "काय रे, ह्येंची भांडी कोण घासता?"

मी म्हटलं, "काका, क्रांती चाललीये."

"ती चलांदे. पण भांडी कोण घासता?"

शेवट बघायच्या आधीच लॅपटॉप बंद पडला.

पण माझ्या डोक्यात ते लाल रंगाचं बसलं ना! कॅम्पमध्ये तेव्हा बसचा एसी बंद, नळाच्या पाण्याला वास. सगळे कुरकुरत होते. मी स्टोअरमधून रेड ऑक्साइडचा उरलेला डबा उचलला आणि मेसच्या मागच्या भिंतीवर हातभर अक्षरात लिहिलं,

संप हाच उपाय.

खरं सांगतो, मला संप वगैरे काही करायचा नव्हता. सिनेमात छान दिसत होतं, एवढंच.

सकाळी कॅम्पचा इन्चार्ज भिंतीसमोर उभा. हिंदीवाला. म्हणजे अक्षर वाचता येत होतं.

नोकरी, व्हिसा, घरी काय सांगायचं, सगळं एकदम डोळ्यांसमोर. नखांत लाल रंग तसाच. हात खिशात घातले. त्या उन्हाळ्यात खिशात हात घालून उभा असलेला मी एकटाच असेन.

"कौन मराठी है इधर? ये क्या लिखा है?"

काका पुढे झाले. भिंतीकडे बघितलं. माझ्या खिशांकडे बघितलं.

"साब, संप."

"संप क्या?"

"पानी का संप, साब. जमीन के नीचे का टाकी. पानी बास मारता है ना? संप साफ करना, हाच उपाय. हाच माने यही."

इन्चार्जनं दोनदा वाचलं. हिंदीत संपाला हडताल म्हणतात. त्याला पटलं.

"लिखने का क्या ज़रूरत है, बोलने का! ठीक है. प्लंबर तुम हो ना? यल्ला, उतरो. आज ही."

जाताना काका माझ्या कानाशी म्हणाले, "जा, नखां धुवन ये."

ती टाकी कित्येक महिने उघडली नव्हती. काका म्हणाले, झाकण काढून थोडा वेळ हवा लागू दे. इन्चार्ज म्हणाला, यल्ला यल्ला, लवकर. पंचावन्नच्या पुढचा माणूस कमरेला दोर बांधून त्या भोकात उतरला. दोराचं दुसरं टोक माझ्या हातात.

काकांनी सांगितलेलं, एक झटका म्हणजे बादली ओढ. दोन म्हणजे मला ओढ.

पाच-सहा बादल्या आल्या. काळा चिखल. मग दोर सैल पडला.

"काका?"

माझाच आवाज परत आला.

"काका!"

इन्चार्ज बाजूला फोनवर बोलत होता. आता सांगायलाच हवं होतं की मी लिहिलं, त्यांना वर काढा. तोंड उघडलं.

आणि म्हणालो, "साब, टॉर्च दूँ क्या?"

एवढंच निघालं तोंडातून.

तेवढ्यात दोराला दोन झटके बसले.

वर आले तेव्हा काकांचा चेहरा राखेसारखा होता. सावलीत बसून खूप वेळ खोकले. मी लबनची, म्हणजे इथल्या ताकाची, बाटली दिली. अर्धी प्याल्यावर त्यांनी विचारलं,

"त्या पिच्चराचो शेवट ऱ्हवलो. काय झाला शेवटाक?"

शेवट मीही बघितला नव्हता. तरी म्हटलं, "एकाला धरतात. बाकीचे गप्प बसतात."

"मगे तेंका झोप लागता?"

मी हसलो. ते नाही हसले.

पुन्हा कधी विषय काढला नाही. कोणाला सांगितलंही नाही. खोकला मात्र गेला नाही. दोन महिन्यांनी गावी गेले ते गेलेच. चार वर्षं छातीचंच चाललं होतं. डॉक्टर सिगरेट म्हणाले. ओढायचे, हे खरंय. पण टाकीचं डॉक्टरांना कोणी सांगितलं होतं?

मी अजून ओमानमध्येच आहे. खाबुऱ्याला, दुसऱ्या अर्बाबकडे, म्हणजे मालकाकडे. पोस्ट फक्त फ्रेंड्सना दिसेल असं केलंय. तीनदा तपासलं.

विनय, तू काकांचा मुलगा, तू माझ्या लिस्टमध्ये आहेस. तुला वगळून टाकता आलं असतं. तो ऑप्शन उघडून बघितलासुद्धा.

नाही वगळलं.

भिंतीवर मी लिहिलं होतं. तुझे बाबा माझ्यामुळे उतरले.

काय बोलायचं ते बोल. फोन चालू ठेवतोय.

काका, इथूनच हात जोडतो. सुट्टी मिळाली की कुडाळला येईन. विनयनं दारात उभं केलं, तर आत येऊन तुमच्या फोटोच्या पाया पडेन.