आईच्या डोक्याचं कातडं

"यांना खुर्चीवर नको. सशांच्या खोलीत बसव."

सर असं म्हणाले. माझ्या आईबद्दल म्हणाले, माझ्या तोंडावर. आई दारातच उभी होती, तिला ऐकू गेलं. तिनं पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि मी दाखवीन तिकडं मुकाट निघाली.

सशांची खोली म्हणजे लॅबच्या मागची कोंदट जागा. पिंजरे, ओला भुसा आणि मुताचा वास. डोळ्यांतनं पाणी यावं असला वास. शिपाई बसाप्पा बिचारा स्टूल घेऊन धावला. "कुत्कोरी आक्का," म्हणाला, म्हणजे बसा आक्का. सर आतनं ओरडले, "स्टूल इकडं आण. तिथं गोणपाट आहे की!" बसाप्पानं माझ्याकडं बघितलं न्हाय. स्टूल उचलून गेला. आई सशांच्या लेंड्या हातानं बाजूला सारून गोणपाटावर बसली. जेवताना हे आठवलं की अजून माझा घास तोंडातल्या तोंडात फिरतो.

ऐंशी सालानंतरची गोष्ट ही. मी बेळगावात एका कॉलेजच्या लॅबमध्ये तात्पुरती मदतनीस होते. घर निपाणीचं, धम्म घेतलेलं. आई तंबाखूच्या वखारीत चाळणीवर. दिवसभर तंबाखूचा खकाणा उडायचा. ती बारीक धूळ नाकात, डोळ्यांत, केसांच्या मुळांत बसायची. डोकं खाजून खाजून रक्ताळायचं आणि केस फणीला गुच्छानं यायचे. त्या खकाण्यावर मी एम.एस्सी. झाले. पुढं पीएच.डी. करायची होती. आमच्या वस्तीत कुणी केली नव्हती. नोंदणीला सरांची सही लागायची. सर म्हणायचे, "करू की. आधी काम तर दाखव." मी काम दाखवत होते.

काम काय, तर माणसाच्या कातडीत प्रथिनं कुरतडणारे रस असतात. प्रोटिएज म्हणतात त्यांना. ते लागतातच, त्यांच्यामुळंच जुनी कातडी झडून नवी येते. पण मोकाट सुटले की केसाचं मूळ सैल करतात. म्हणून त्यांना आवरणारं दुसरं एक प्रथिन कातडीतच असतं. वेसण म्हणा. ती वेसण केसाच्या मुळाशी कुठं आणि किती असते, हे सरांना बघायचं होतं. नुसत्या डोळ्यांना ते दिसत न्हाय. मग ते प्रथिन सशाला टोचायचं. सशाचं अंग त्याला परकं समजतं, आणि नेमकं त्यालाच जाऊन चिकटणारी प्रतिपिंडं रक्तात तयार करतं. सशाच्या कानातनं रक्त काढायचं, त्यातली प्रतिपिंडं कातडीच्या पातळ कापावर सोडायची, वर चमकणारा रंग चढवायचा. मग अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, की वेसण असेल तिथं हिरवं उजळतं. केसाच्या मुळाभोवती हिरवं कडं. लई देखणं दिसतं. खोटं कशाला बोलू, मला त्या कामाचं येड लागलतं.

सर मात्र तेवढ्यातही जात घुसवायचे. पोरांना शिकवताना एकदा म्हणाले, "प्रतिपिंड म्हणजे कोण? पंगतीत शिरलेला परका न विचारता ओळखतो, तो." आणि माझ्याकडं बघून हसले. पोरंही हसली. मी काचपट्ट्या पुसत होते, पुसतच राहिले.

माझ्या तोंडात 'न्हाय' बसलेलं. आमच्याकडं सगळेच न्हाय म्हणतात, शेतकरी आणि वखारवालेसुद्धा. पण सरांना ते माझ्याच तोंडून ऐकू यायचं. "न्हाय नव्हे, नाही म्हण. आधी जीभ धुवून ये," म्हणायचे. सहीसाठी मी जीभपण धुतली. त्या लॅबमध्ये मी 'नाही' म्हणायला शिकले. तेसुद्धा मी क्वचितच म्हणायची.

कातडीचे तुकडे यायचे दवाखान्यातनं. पैसेवाल्या बाईच्या डोक्यातली गाठ काढली, की तिला विचारून कडेचा एवढासा तुकडा मिळायचा. त्या बायकांची तेवढी जागा आधी इंजेक्शननं सुन्न केलेली असायची. सर त्या तुकड्याला 'त्वचा' म्हणायचे. "ही त्वचा जपून ठेव बरं." एक दिवस म्हणाले, "मला तुमच्याकडचीही हवी. वखारीतल्या बायांचे केस जातात ना? आईला आण. औषध देऊन टाकू."

औषध म्हणाले म्हणून मी आणली. न्हायतर तिचा बुडालेला रोज कोण देणार होतं?

सर सशांच्या खोलीत आले ते नाकाला रुमाल लावून. हातात गोल पात्याचं हत्यार. मी विचारलं, "सर, सुन्न करायचं इंजेक्शन?"

"एवढ्याशाला? यांना सवय असते."

कसली सवय? कापून घ्यायची?

कानामागचे केस बाजूला करून त्यांनी पातं टेकवलं आणि फिरवलं. आईनं पिंजऱ्याची तार धरली. हूं न्हाय की चूं न्हाय. लेकीचे साहेब ना ते! लेकीच्या साहेबासमोर ओरडायचं कसं? रक्त मानेवरनं लुगड्यात उतरलं. आत पिंजऱ्यात ससा पाला खात होता.

मी तुकडा बाटलीत घातला आणि चिठ्ठीवर नाव लिहिलं, शेवंता. सरांनी बाटली हातातनं घेतली. "नाव कसलं लिहितेस? कातडं लिही." स्वतःच चिठ्ठी सोलून काढली, नवी चिकटवली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'कातडं'.

बाकी सगळ्या बाटल्यांवर त्वचा. माझ्या आईच्या बाटलीवर कातडं. मेलेल्या ढोराचं सोलतात ते.

"सायेब, औषध?" आईनं विचारलं.

"नंतर," म्हणत सर हात धुवायला गेले. साबण लावून धुतले, परत साबण लावला, परत धुतले. मी बघत होते.

पुढं निपाणीला गेले, की आई चुलीपुढनं विचारायची, "आलं का गं औषध?" मी म्हणायची, येईल. परत गेले, की परत तेच. माझी मान खाली जायची. सरांना विचारलं तर म्हणायचे, "आधी निकाल येऊ दे."

निकाल म्हणजे काय, ते मला उशिरा कळलं. सरांनी निबंध आधीच मनात लिहून ठेवलता. पुण्याहून आलेल्या पाहुण्याला सांगत होते, "या लोकांत ही वेसण जन्मतःच कमी. तंबाखूच्या धुळीचा दोष नाही हो, रक्ताचा आहे." मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. ते रक्त तिथंच, दोन हातांच्या अंतरावर उभं होतं.

मग एका दुपारी काचपट्ट्या रंगवून झाल्या. सर डोळा लावून बसले. एक पट्टी बघितली, दुसरी बघितली, परत पहिली. त्यांचं तोंड वाकडं झालं. "यातलं कातडं कुठलं?"

"दुसरं, सर."

सर बाजूला सरकले, तसा मीही डोळा लावला. आईच्या केसाचं मूळ. भोवती हिरवं कडं. पहिल्या पट्टीवरच्या त्वचेत होतं तसंच, तेवढंच उजळ. माझ्या आईची वेसण जागच्या जागी होती, म्हणजे दोष रक्ताचा न्हवता. त्या क्षणी मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला न्हाय. माझी आई बाकीच्या बायांसारखीच हाय, हे तपासून घ्यावं लागतं का?

"तू पट्ट्या बदलल्यास," सर म्हणाले.

"नाही सर."

"आईची माया आली मधे. तुमच्या लोकांच्या हातून शास्त्र व्हायचं नाही, मला ठाऊकच होतं." मग जरा मवाळ झाले. "असू दे. सोमवारी आईला परत आण. या वेळी टाळूवरचा घेऊ, जरा मोठा. तुकडा नीट आला, की तुझ्या नोंदणीवर सही करतो."

एका बाजूला सही, दुसऱ्या बाजूला गोणपाटावर बसलेल्या आईची टाळू. मला वखार दिसली. डोक्याला फडकं बांधलेल्या बाया दिसल्या. चुलीपुढनं आलेलं "आलं का गं?" ऐकू आलं.

"न्हाय," मी म्हणाले.

"काय म्हणालीस?"

"न्हाय. आणणार न्हाय. तिच्या अंगाचा कण मिळणार न्हाय."

त्या खोलीत तो शब्द कितीतरी दिवसांनी बाहेर पडला. जीभ धुवून गेलता, तरी शाबूत होता. सर माझ्याकडं असं बघायला लागले, जणू पिंजऱ्यातला ससाच बोलला. मी फ्रीज उघडला, 'कातडं' लिहिलेली बाटली घेतली. आत उरलेला तुकडा होता. "ही चोरी आहे!" सर ओरडले. मी म्हणाले, "व्हय? मग पोलिसाला बोलवा. कुणाचं कुणी चोरलं, ते त्याच्यापुढं बघू."

बसाप्पानं दार उघडून धरलं. मी बाहेर पडले.

घरी आईपुढं बाटली ठेवली. "औषध?" ती म्हणाली.

"तुझंच हाय ते. औषध न्हवतंच, आये. कधीच न्हवतं."

तिनं बाटली उजेडाला धरली. मग कानामागं हात नेला. तिथं केस उगवले न्हवते. "मग मला कापलं कशापायी?" तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं. रक्ताचा दोष, जन्माचा दोष, सगळं. ती उठली, दारात गेली आणि रस्त्यावर पचकन थुंकली. तुकडा आम्ही परसात पुरला.

सही झाली न्हाय. नोकरी तर लगेच गेली. आणि महिना जातोय न जातोय तोवर सरांची जीप आमच्या वस्तीत आली. केसांचं मोफत औषध, अशी दवंडी. वखारीतल्या बाया जमल्या. का जमणार न्हाईत? केस सगळ्यांचेच जात होते. आई गर्दीतनं पुढं गेली. डोक्यावरचा पदर काढला, कानामागचं टक्कल सगळ्या बायांना दाखवलं आणि सरांपुढं उभी राहिली.

"माझं डोस्कं कापलासा. नाव ठावं हाय का माझं?"

सर ड्रायव्हरकडं बघायला लागले. "ही बाई कोण?"

"ऐकलासा गं बायांनो?" आई म्हणाली. तेवढंच. बाया हटल्या. जीप रिकामी गेली.

पुढं ती जीप दुसऱ्या कुठल्या गावाला गेली असेल. तिथं कुणाची तरी आई गोणपाटावर बसली असेल. म्हणून मी हे सांगतेय, गार वाटावं म्हणून न्हाय. माझी पीएच.डी. गेली. जाऊ दे, असं मी म्हणणार न्हाय. ती माझी होती आणि ती त्यांनी खाल्ली. ते हिरवं कडं मला अजून दिसतं आणि अजून हात शिवशिवतात.

मी आता शाळेत विज्ञान शिकवते. प्रतिपिंड शिकवते, पंगतीबिंगतीचं नाव न घेता. आणि वस्तीतल्या प्रत्येक पोरीला पहिल्यांदा एक शब्द शिकवते. तिला सांगते, कुणी पातं घेऊन आलं, साहेब असो न्हायतर साहेबाचा बाप, आधी त्याला तुझं नाव विचारायला लाव. कशाला पाहिजे ते सांगायला लाव. आणि पटलं न्हाय, तर जीभ न धुता म्हण.

न्हाय.