एका रेषेत मांडलेल्या वस्तू

तहसील कचेरीसमोर मी वीस वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आलो. काल धाकटी बहीण सुमन आपल्या आठ वर्षांच्या मुलीस घेऊन आली. स्वमग्नतेच्या दाखल्यासाठी अर्ज हवा होता. ‘कुटुंबात अशी लक्षणे आणखी कोणास?’ या रकान्यापाशी मी पेन खाली ठेवले. भाचीने ते उचलून टाचण्या, गोंद, शिक्का यांच्याशेजारी एका रेषेत मांडले. रोज सकाळी मी मांडतो, अगदी तसेच.

“लिही की दादा. आपले आप्पा, थोरली आत्या, आणि तू.”

“हे कोणी ठरवले?”

“डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वर्ष झालं. घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तुला सांगितलं असतं तर त्यांच्याविरुद्धच अर्ज ठोकला असतास!”

ज्या काटेकोरपणाला मी घराण्याचा बाणा म्हणून मिरवीत होतो, त्याचे खरे नाव माझ्या पाठीमागे वर्षभर घरात वावरत होते. याच स्वभावापायी आत्याला सासरहून परत पाठविले होते. ती बिचारी ‘विक्षिप्त’ म्हणूनच गेली. परक्यांची गाऱ्हाणी मी लिहितो. आपल्याच माणसांविरुद्धचे गाऱ्हाणे कोणत्या कचेरीत द्यावे?

लिहिण्यासाठी पेन उचलताच रेषेत फट पडली आणि भाची कासावीस झाली. तिला काय होत होते, ते मला कोणी सांगण्याची गरज पडली नाही. पेन जागच्या जागी ठेवले, सुमनचे मागून घेतले, आणि तिन्ही नावे लिहिली.