दहावा सूचक

समोर माणूस येऊन बसला की भाऊ आधी मनगटावरचं घड्याळ सोडायचे आणि सदऱ्याच्या खिशात टाकायचे. मग म्हणायचे, “बोल आता. घाई असंन तं तुले. मले नाही.”

तुमच्यापैकी कोणी कधी अमडापूरला त्यांच्या ओसरीवर गेला असेल, तर त्यानंही हे पाहिलं असणार. भाऊ बारा वर्षं विधान परिषदेचे आमदार होते, पण ते समोरच्याला कळायला वेळ लागायचा. एका बाईनं अर्धा तास गाऱ्हाणं सांगितलं आणि शेवटी विचारलं, “पण बाप्पा, आमदार कवा येतीन?”

“तो आला तरी मलेच विचारीन,” भाऊ म्हणाले. “तू सांग.”

डोंगराकडच्या एका गावात दवाखान्याची इमारत बांधून तयार होती. कुलूप लावलेलं, डॉक्टर नाही. भाऊंनी तो प्रश्न सभागृहात विचारला. पुढच्या अधिवेशनात पुन्हा विचारला. तिसऱ्यांदा उठले तेव्हा बाकीचे सदस्य हसायला लागले. मंत्री म्हणाले, “सन्माननीय सदस्यांनी हाच प्रश्न मागेही विचारला होता.” भाऊ म्हणाले, “कुलूपही तेच आहे, मंत्रीमहोदय.” पाचव्या खेपेला डॉक्टर आला. तो रुजू झाला त्या दिवशी भाऊ तिथे रांगेत उभे राहून रक्तदाब तपासून आले. हार नाही, फोटो नाही. मी विचारलं तर म्हणाले, “मशीन चालते की नाही ते पाहाले गेल्तो.”

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो आमच्या गल्लीतल्या नळासाठी. माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान, त्यामुळे अर्ज टाइप करून नेला. त्यांनी तो वाचला आणि परत दिला. “हाताने लिहून आण. टाइप केलेला अर्ज कोन्या गावचा हाय, समजत नाही.” मी लिहून नेला. असे किती अर्ज नेले, त्याची गणती नाही. एक दिवस ते म्हणाले, “माह्याकडं येऊन-येऊन तुह्या चपला झिजून राह्यल्या. आता तूच उभा राहा बे नगरपालिकेले.” मी उभा राहिलो. निवडून आलो. प्रचाराला ते सायकलवर मागे बसून फिरले होते, आणि सायकल मी चालवत होतो.

आता मला जे सांगायचं आहे त्याकडे येतो. सात वर्षं मी याबद्दल गप्प होतो. मुळातही मी कमीच बोलतो, म्हणून कोणाला वेगळं वाटलं नाही.

तिसऱ्या वेळी पक्षानं भाऊंना उमेदवारी दिली नाही. ते अपक्ष उभे राहायला निघाले. या निवडणुकीत मतदान जनता करत नाही. आमच्यासारखे नगरसेवक आणि जिल्हा परिषदेचे सदस्य करतात. उमेदवारी अर्जावर त्यांच्यातल्याच दहा जणांनी सूचक म्हणून सही करावी लागते. नऊ भरल्या तर अर्ज बाद.

माझ्या घरी ते दहावी सही घ्यायला आले. बायकोनं पोहे केले होते. मी सही केली आणि म्हणालो, “भाऊ, अजून दोन-तीन सह्या घेऊन ठेवा. कोणाचं काय सांगता येते?”

“अकरावा घेतला म्हंजे तुमच्या दहांतल्या एकावर माह्या भरोसा नाही, असंच झालं ना,” ते म्हणाले आणि पोह्यांतली मिरची बाजूला काढू लागले.

दुसऱ्या दिवशी पक्षाच्या उमेदवाराची माणसं माझ्या दुकानात आली. तुम्हाला वाटेल, मला धमकावलं असणार. कोणी धमकावलं नाही. त्यांनी नगरपालिकेचं उपाध्यक्षपद देतो म्हटलं, आणि मला ते हवं होतं. इतकंच होतं.

छाननी बुलडाण्याला, जिल्हाधिकारी कार्यालयात. दहाव्या सहीवर हरकत आली होती, म्हणून मलाही बोलावलं होतं. निवडणूक अधिकाऱ्यांनी अर्ज माझ्यापुढे सरकवला. “ही सही तुमची?”

“नाही.”

समोर भाऊ बसले होते, शेजारी त्यांचे वकील. वकील ताडकन उठले. “साहेब, यांच्या हातचे पन्नास अर्ज आमच्याकडं आहेत. सही जुळवून पाहा. खोटं बोलल्याची फिर्याद करतो मी.”

भाऊंनी त्यांचा हात धरून खाली बसवलं. “वकीलसाहेब, सही ज्याची, सांगनं त्याचं. तो नाही म्हणते तं नाही.”

“अन् तुमचं काय? खोटी सही केली, असं होईन ना.”

“होऊ द्या. त्याचे लेकरं लहान हायेत.”

अर्ज बाद झाला. मी उपाध्यक्ष झालो. आणि बारा वर्षं लोकांचे अर्ज वाहणारा माणूस जिल्ह्यात ‘खोट्या सहीवाला’ झाला. चहाच्या टपरीवर मी ते ऐकत होतो. एकदा खामगावच्या बाजारात कापसाच्या गाडीवर बसलेल्या एकानं मलाच सांगितलं, “तुमच्या भाऊनं म्हातारपणी काऊन असा धंदा केला?” मी पान तोंडात असल्याचं दाखवून पुढे गेलो.

महिन्याभरानं भाऊ माझ्या दालनात आले. मी उभा राहिलो. त्यांच्यासोबत पांढऱ्या केसांची एक बाई होती. “उपाध्यक्षसाहेब,” ते म्हणाले, आणि त्यात टोमणा नव्हता, “या बाईंच्या घराची नोंद होऊन नाही राह्यली. ऐकून घ्या जरा.” मला ते कायम ‘तू’ म्हणायचे. त्या दालनात मात्र शेवटपर्यंत ‘तुम्ही’ म्हणाले. दालनाबाहेर, जिन्यात, पुन्हा ‘तू’. “तुह्या गुडघा कसा हाय बे आता?”

मग ते येतच राहिले. दर आठवड्याला एक माणूस, एक अर्ज. माझ्या समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत तो माणूस बसायचा, भाऊ भिंतीला टेकून उभे. मी बसा म्हटलं तर म्हणायचे, “काम त्याचं हाय, खुर्ची त्याची.” मी सगळी कामं केली. आज लोक माझं नाव घेतात ते त्या कामांमुळे. भाऊंनी मला एकदाही ती गोष्ट विचारली नाही. मी एकदाही सांगितली नाही. दोन वेळा अमडापूरच्या फाट्यापर्यंत जाऊन परत आलो.

ते या वर्षी गेले. झोपेतून उठले, अंघोळ केली, आणि गेले. शेवटी सुनेला म्हणाले होते, नगरपालिकेत आज जायचं आहे.

शोकसभा त्यांच्याच गावात, शाळेच्या पटांगणात झाली. सतरंजीवर माणसं दाटीनं बसली होती. फोटोशेजारी काकू, भाऊंच्या पत्नी. डोंगराकडच्या त्या दवाखान्याला भाऊंचं नाव द्यावं, असा ठराव कोणी तरी मांडला. एक वक्ते उठले, चांगला माणूस. सांभाळून म्हणाले, “नाव देण्याआधी विचार करावा. ते सहीचं प्रकरण शेवटी लागलंच त्यांना. लोक उद्या तेच बोलतीन.”

काकूंनी मान खाली घातली.

मी उभा राहिलो. माइक माझ्यापासून लांब होता, तिथपर्यंत गेलो नाही. “ती सही माझी होती,” मी म्हणालो. “मी माझ्या घरी, माझ्या हातानं केली होती. उपाध्यक्षपदासाठी नाकारली. भाऊंना ते तेव्हाच माहीत होतं. म्हणाल तिथं लिहून देतो. नाव द्या दवाखान्याला.”

मग मागून एक म्हातारा आवाज आला, “हे सांगाले तो मरेपर्यंत थांबला व्हय बे?”

“हाव,” मी म्हणालो.

काकू माझ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “बसा.”

मी बसलो. दोन्ही बाजूंची माणसं थोडी सरकली. मला जागा करून द्यायला सरकली की माझ्यापासून लांब व्हायला, ते मी विचारलं नाही. पुढे ठराव वाचायला सुरुवात झाली होती.