खंडेनवमीचा मोडेम

बाईमाणूस चाळिशीला आलं, डी.एड. झालं, पंधरा वर्षं पोरांना नकाशावर नद्या दाखवल्या, आणि आपल्याच घरातल्या वीतभर डब्याचा नंबर काढता येईना. हसायचं तर हसा. त्या दिवशी मला हसू येत नव्हतं.

मी तेव्हा कर्नाटकात बसवकल्याणला एका मराठी शाळेत शिकवत होते. आमचे मालक आखातात दोह्याला वायरमन होते. घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणायची. लेक लातूरच्या वसतिगृहात. कंप्युटर तिच्यासाठी घेतलेला, पण ती गेल्यावर त्याचा धनी कोणी उरला नाही. मला एवढंच यायचं की बटण दाबायचं, हिरवा दिवा लागला का बघायचं आणि कॅमेऱ्यासमोर बसून मालकांचं तोंड दिसायची वाट बघायची. कंप्युटर आणि फोनच्या वायरीच्या मधल्या राउटरला आम्ही मोडेम म्हणायचो. तो काय करतो, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

मालकांचे तीन-तीन वर्षांचे दोन करार होऊन गेले होते. तिसऱ्याचा कागद तयार होता. खंडेनवमीच्या दिवशी त्यांच्या दुपारी एकला, म्हणजे आपल्या साडेतीनला, ऑफिसात जाऊन त्यावर सही करायची होती. त्याआधी बारा ते एक ते कंप्युटरच्या दुकानात बसून आमच्याशी बोलणार होते. मी मनाशी पक्कं केलं होतं की आज सांगायचं. सही करू नका, घरी या, बास.

फोनवर का नाही सांगितलं, असं कुणीही विचारेल. फोन यायचा शुक्रवारी. तिकडं एका खोलीत सहा माणसं, इकडं आत्या माझ्या खांद्याला खांदा लावून. बरं हाय का, बरं हाय. पाऊस झाला का, झाला. तेवढ्यात पैसे संपायचे. आमच्या फोनवरून परदेशी फोन लागतही नव्हता, म्हणजे मनात आलं आणि लावला असं काही नाही. आणि खरं सांगू का, मला लाज वाटायची. लोकांचे नवरे तिकडं जायला धडपडतात आणि ही म्हणते परत या. तोंड दिसलं तर धीर होईल असं वाटायचं.

सकाळी मी स्वयंपाकात होते तोवर आत्यांनी हत्यारं मांडली. आमची मेंढरं गेली त्याला किती वर्षं झाली, पण सासऱ्यांची लोकर कातरायची कातर पहिली. मग विळा, कुऱ्हाड, विळी, मालकांचा टेस्टर, माझा लाल पेन. आणि शेवटी, ज्यातून ल्योक दिसतो तो मोडेम. ओल्या फडक्यानं वरखाली चांगला पुसून, वायरी तशाच ठेवून, झेंडूच्या माळेसकट पाटावर. हळदीची बोटं, कुंकू, सगळं साग्रसंगीत. मला बघून बरं वाटलं. मी हात जोडले सुद्धा.

दीडच्या सुमाराला सहज कंप्युटर लावून बघितला तर काहीच उघडेना. मोडेमचे दोन दिवे जळत होते, तिसरा, इंटरनेटचा, विझलेला. बंद केला, चालू केला. वायर दाबली.

टेलिफोनच्या ऑफिसला सुट्टी. आमच्या भागाचे लाइनमन अण्णा, त्यांच्या घरचा नंबर माझ्याकडं होता, त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती म्हणून. फोन तेवढा चालू होता. अण्णा पूजेच्या गडबडीत होते, तरी सगळं ऐकून घेतलं. अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलत त्यांनी एकेक दिवा विचारला आणि शेवटी म्हणाले, मागच्या बाजूला एक बारीक भोक असतंय, त्यात कुणी काही घातलं का बघा. मी वाकून बघितलं. त्या भोकात उदबत्ती खोचलेली होती.

आत्यांना विचारलं तर त्या सरळ म्हणाल्या, बाकीच्यांना केळात खोचली, ह्याला कंपनीनंच भोक दिलंय की. आता त्यांना काय बोलायचं? मला रडू येत होतं आणि मध्येच हसू पण फुटत होतं. अण्णांनी फोनवरच समजावलं की ते भोक दाबून धरलं की डबा आधीचं सगळं विसरतो, त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं. शिकवायचं तर त्याचं पान कंप्युटरवर उघडायचं. पान उघडायला त्याचा नंबर लागतो, आयपी ॲड्रेस. तो नंबर डब्याच्या बुडाला चिकटवलेल्या कागदावर असतो.

मी डब्याला हात लावला आणि आत्यांनी माझं मनगट धरलं. पूजा मांडली की दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत हत्यार जागचं हलवत नाहीत. त्यांच्या सासरी-माहेरी कुणी हलवलं नव्हतं. मी विनवलं, त्या ऐकेनात. उद्या बोल म्हणाल्या, एका दिवसानं काय होतंय. मग माझा तोल गेला.

"उद्या बोलून काय करू? तुमचा ल्योक आज अजून तीन वर्षं लिहून द्यायलाय."

करार वगैरे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटत होतं, पोरगा दिवाळीच्या आगंमागं येणार. त्या पाटासमोर बसल्या. त्यांनी स्वतःच माळ काढली, उदबत्ती उपटली आणि डबा उचलून माझ्या हातात दिला. देवाचा काय राग व्हायचा तो माझ्यावर होऊ दे, म्हणाल्या.

मी डबा उलटा केला. ओल्या फडक्यानं बुडाचा कागद पार धुऊन निघाला होता. एक, नऊ, दोन एवढे आकडे दिसत होते आणि पुढं सगळी हळद.

पुन्हा अण्णांना फोन. घड्याळात अडीच वाजून गेलेले, म्हणजे मालक दुकानात येऊन बसले असणार. अण्णा म्हणाले, काळजी करू नका, कंप्युटरलाच विचारू. त्यांनी कुठंकुठं दाबायला सांगितलं तसं एक काळी चौकट उघडली. त्यात त्यांनी एकेक अक्षर सांगितलं, आय, पी, सी, ओ, एन, एफ, आय, जी. मी एकदा मध्ये जागा सोडली, एकदा एफ राहिला. तिसऱ्यांदा पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर आल्या आणि त्यात तीन नंबर. पहिल्यापुढं इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं, आयपी ॲड्रेस. मी मनात म्हणलं, सापडला बाई एकदाचा. अण्णांना धन्यवाद देऊन फोन ठेवला.

तो नंबर घातला, पान उघडेना. वाटलं आकडा चुकला, पुन्हा घातला. एकशे ब्याण्णव, टिंब, एकशे अडुसष्ट, टिंब, एक, टिंब, दोन. काही नाही. मग दुसरा घालून बघितला, नुसते दोनशे पंचावन्न, दोनशे पंचावन्न. तेही नाही. तीन वाजून गेले. नंबर समोर आहे, नाव समोर आहे, आणि दार उघडत नाही. डोस्कं काम करेना. तिसऱ्यांदा अण्णांना फोन लावला.

अण्णा म्हणाले, पहिला नंबर कंप्युटरचा स्वतःचा. तुम्हाला पाहिजे तो तिसरा, गेटवे लिहिलेला. मी चिडून विचारलं, मग गेटवे म्हणजे काय?

"अगसी, अक्का. गावाची वेस. बाहेर जायचं तर वेशीतूनच की."

तिसऱ्या नंबरात शेवटी दोनच्या जागी एक होता. तेवढाच फरक. ते पुढं म्हणाले, माझ्या घरी पण हाच नंबर आहे, तुमच्या गल्लीत बहुतेक सगळ्यांचा हाच. मी हबकले. सगळ्यांचा एकच नंबर कसा असेल? मग मी घातला तर माझंच दार उघडेल की शेजाऱ्यांचं? अण्णा म्हणाले, ज्याच्या घरात बसून घालतो त्याचंच उघडतंय. हे मला तेव्हा पटलं नाही. अजूनही रात्रीच्या स्वयंपाकात कधी आठवलं तर पटत नाही. पण वाद घालायला वेळ नव्हता.

नंबर घातला आणि पान उघडलं. त्यानं नाव आणि परवलीचा शब्द मागितला, ते अण्णांनी सांगितलं. मग जोडणीच्या कागदावरचं आमचं नाव घालायचं होतं. तो कागद बिलांच्या पिशवीत होता. आत्यांनी सगळी पिशवी फरशीवर उपडी केली आणि मी गुडघ्यावर बसून तो शोधला. घातलं, दाबलं, थांबले. तिसरा दिवा लुकलुकला आणि स्थिर झाला. तीन वाजून वीस मिनिटं.

मालक दिसले. खुर्चीतून उठलेले, पाठीला पिशवी लावायलेले. आम्हाला बघून परत बसले. मी आत्यांना पुढं सरकवलं, तर त्यांनीच मला दंडाला धरून समोर बसवलं. मालकांनी नेहमीसारखं विचारलं, बरं हाय का? आणि माझ्या जिभेवर नेहमीचंच उत्तर आलं होतं. मी ते गिळलं.

"बरं न्हाई," मी म्हणलं. "सही करू नका. घरी या. मला एकटीला होईना."

ते जागचे हलेनात. मला वाटलं चित्र अडकलं, नेमकं आताच अडकलं. मी वायर दाबायला हात पुढं केला, तेवढ्यात त्यांनी डोळे पुसले.

"हे मागच्या करारालाच कामून बोलली न्हाईस?" ते म्हणाले. "त्या टायमाला सही करायच्या आधी तीन शुक्रवार मी फोन धरून वाट बघायलतो. तू म्हणलीस, सगळं बरं हाय. मला वाटलं, माझ्याबिगर खरंच बरं चाललंय."

तीन वर्षं. मी एक वाक्य बोलले असते तर. आत्या माझ्याकडं बघत होत्या, मालक बघत होते, आणि मी खाली मान घालून कीबोर्डाकडं बघत होते. मालकांनी बाजूला वळून दुकानदाराकडं अजून अर्धा तास मागितला. तिकडं एक वाजला, सव्वा वाजला. ते सहीला उठले नाहीत.